पाच लेकरांची बाटली

दगडूतात्यांनी थाळी बडवली आणि मी अर्धी बांधलेली केरसुणी हातातून टाकून पूनमला उचललं.

थाळी वाजली की पळायचं, हा पुलाखालचा आमचा कायदा होता. तात्यांना एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने जेमतेम, पण रस्त्याच्या कडेला बसून मोठ्या गाडीने वेग कमी केला की आवाजावरून ते ओळखायचे. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली तर गाठोडी जायची, भिकारी धरणाऱ्यांची आली तर माणसं जायची. आम्ही भीक मागत नव्हतो, शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधून विकत होतो. पण हे सांगायचं गाडीत बसवल्यावर, आणि तिथे ऐकून कोण घेतं? म्हणून गाडी कुठली आहे ते बघत बसायचं नाही. लेकरू काखेत मारायचं, गाठोडं डोक्यावर घ्यायचं आणि नाल्याच्या कडेने सुटायचं.

ऊन कलल्यावर आम्ही एकेक करून परत आलो. घाईत मागे राहिलेली गाठोडी जागेवर होती. खांबाला टेकवून ठेवलेली पानंसुद्धा कोणी हलवली नव्हती. मला नवल वाटलं. पुलाच्या तोंडाशी चहाची टपरी लावणाऱ्या रफीकभाईंनी मला हाक मारली.

"अगं सोजर, पळालात कशाला सगळ्या? दवाखान्याची गाडी होती ती. पोरांना गोवराच्या सुया द्यायला आले होते."

"आन् मग?"

"मग काय, उभे राहिले, माझ्याकडे चहा प्यायले, गेले."

"परत कधी येनार?"

रफीकभाईंनी गाळणी आपटली. "ते आपसात बोलत होते, इथे तर कोणी राहतच नाही म्हणून."

मी पूनमला घेऊन तिथेच खाली बसले. मला हसू यायला हवं होतं, एरवी आलंही असतं. पण आमच्याच रांगेतल्या वच्छीचा दोन वर्षांचा पोरगा गोवराने जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आदल्याच दिवशी पुलाच्या पार टोकाला आणखी एका पोराच्या अंगावर उठलं होतं. माझी पूनम दहा महिन्यांची होती. नुकती खांबाला धरून उभी राहायला लागली होती.

आम्ही परभणीकडचे. दोन वर्षं पाऊस नाही म्हणून नाशकात आलो आणि उड्डाणपुलाखाली राहिलो. प्रत्येक घराचा एक खांब, आमचा सातवा. दिवाळी तोंडावर आली होती. लक्ष्मीपूजनाला घरोघरी नवी केरसुणी पुजतात, म्हणून वर्षातला आमचा धंदा तो तेवढाच. गडीमाणसं शिंदीची पानं आणायला दूर नदीकाठी गेली होती, त्यात माझे मालकही होते. पुलाखाली बायका, म्हातारी माणसं आणि लेकरं एवढीच उरली होती.

माझ्या सासूला, भागूबाईंना, सगळे मानायचे, कारण त्या देवीचं करायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. कुणाच्या लेकराला गोवर आला की म्हणायचं नाही की गोवर आला. बाया आल्या म्हणायचं. आत्याबाई त्या घराच्या खांबाला लिंबाचा डहाळा बांधायच्या, लेकराच्या उशाला पाण्याचा तांब्या ठेवायच्या, फोडणी बंद करायला लावायच्या आणि पाळणे म्हणायच्या. दार नव्हतं म्हणून डहाळा खांबाला, एवढाच काय तो फरक. मला देवीचा राग नव्हता, भरवसाही नव्हता. वच्छीच्या खांबाचा डहाळा अजून हिरवा होता आणि पोरगा गेला होता.

"आत्याबाई, मी उद्या हिला सुई टोचून आनते," मी म्हणाले.

"बाया वस्तीला असताना सुई? कोपतील त्या."

"कोपून अजून काय करतील? वच्छीचं नेलंच की."

"तोंड आवर, सोजरे," एवढंच त्या बोलल्या आणि पलीकडे तोंड करून बसल्या.

सकाळी मी महापालिकेच्या दवाखान्यात गेले. चालत बरंच लांब होतं. तिथे देवरे नावाच्या सिस्टर होत्या, गोऱ्या, चष्मेवाल्या, सकाळपासूनच दमलेल्या.

"कार्ड?" त्यांनी विचारलं.

"गाठोड्यात व्हतं. ते गाठोडं मागं गाडीवाल्यानं नेलं."

"पत्ता?"

"पुलाखाली. सातवा खांब."

त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करत नाही हे त्यांना कळलं असावं. त्यांनी पूनमला तपासलं, दंड चाचपला, ती त्यांचा चष्मा ओढायला लागली तर त्या हसल्यासुद्धा. मग म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे तुझी. पण आज नाही देता येणार."

"कामून?"

"हे बघ." त्यांनी एक बोटाएवढी बाटली दाखवली. "यात पावडर असते. पाणी घालून कालवली की पाच पोरांचं औषध होतं. एकदा कालवली की चार तासांत संपवायची, नाही तर फेकायची. एका पोरासाठी बाटली फोडली की बाकीचं वाया जातं आणि मला वर उत्तर द्यावं लागतं. आधीच बाटल्या कमी आल्यात."

"मग पाच लेकरं कुठून आनू मी?"

"तुमच्या इथे असतील ना? गुरुवारी आमचा लसीचा दिवस. या भागातली पोरं झालीत सगळी, गुरुवारी कोणी येईल असं वाटत नाही. तू चार आण. मी बाटली फोडते. माझा शब्द."

गुरुवारला तीन दिवस होते. मी म्हटलं आणते. चार लेकरं, त्यात काय! पुलाखाली लेकरांना तोटा नव्हता.

तोटा लेकरांचा नव्हताच, आयांचा होता. पहिलीने सांगितलं, दिवाळी डोक्यावर आली, केरसुण्या सोडून येऊ कुठं. मी म्हटलं, तू बांधत बस, लेकरू मी नेते. तर ती म्हणाली, "गाडीवाले लेकरं असंच गोड बोलून नेतात आन् आश्रमात टाकतात." दुसरीने सरळ आत्याबाईंकडे बोट दाखवलं. "तुझी सासू न्हाई म्हनती तर मी कोन?" तिसरी म्हणाली, सुईने ताप येतो. मी म्हणाले, गोवराने मरण येतं. त्यावर तिने मला शिव्या घातल्या, भरल्या वस्तीत अभद्र बोलते म्हणून. मीही घातल्या. माझी जीभ पहिल्यापासूनच तिखट, आणि गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही.

शेवटी मी रस्ता ओलांडून ताराकडे गेले. तारा माझी धाकटी जाऊ. तिची बेबी आणि माझी पूनम यांच्यात पंधरवड्याचंच अंतर. सासूने घरातले चांदीचे वाळे पूनमच्या पायात घातले आणि बेबीला काही नाही, यावरून भांडण झालं होतं. तेव्हापासून ताराने पुलाच्या पलीकडच्या बाजूला चूल मांडली होती. आत्याबाईंचं तोंड बघत नव्हती, माझ्याशी बोलत नव्हती.

"तारे, गुरुवारी बेबीला दे माझ्यासंगं. गोवराची सुई हाय."

"आधी सासूला वाळ्याचं इचार."

"वाळे मरू दे. बेबीसाठी सांगायला आले मी."

"बेबीसाठी न्हाई, पूनमसाठी आलीस. तुला लेकरं कमी पडायलीत म्हनून माझ्या दारात आलीस. रफीकभाईनं सांगितलंय मला." तिने पान चिरायला घेतलं. "माझी लेक मी कुनाच्या हाती देत न्हाई."

खरंच होतं ते. मी पूनमसाठीच गेले होते.

बुधवारी संध्याकाळी मी खांबाला पाठ लावून बसले होते. हातात एकही लेकरू नव्हतं. पूनम मांडीवर कुरकुर करत होती. तेव्हा वच्छी आली. पोरगा गेल्यापासून ती कुणाशी बोललेली नव्हती. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "चल."

"कुठं?"

"सगळ्यांकडं. माझ्यासमोर न्हाई म्हना म्हनावं."

ती फिरली, मी मागे. प्रत्येक खांबापाशी ती उभी राहायची आणि एकच बोलायची, "माझं असतं तर म्या दिलं असतं." पुढे काही नाही, हात जोडणं नाही, रडणं नाही. बायका तिच्याकडे बघू शकत नव्हत्या. पहिलीने खाली मान घालून होकार दिला. मला शिव्या देणारीने आपलं लेकरू पुढे केलं. अंधार पडायच्या आत चार लेकरं ठरली. ताराकडे आम्ही गेलो नाही, गरजच उरली नव्हती. पूनम धरून पाच होत होती.

त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

सकाळी पूनमला उचललं तर ती गरम लागली.

गोधडीत होती म्हणून, मी मनाशी म्हटलं. डोळे लाल होते. झोप झाली नाही म्हणून. नाक वाहत होतं. लेकरांचं नाक वाहतंच. मी तिला नळाखाली नेलं, डोकं ओलं केलं, पदर भिजवून कपाळावर ठेवला. कोणाला काही बोलले नाही. वच्छीने दोन लेकरं घेतली, मी पूनमला एका काखेत आणि दुसरीकडे एक पोरगं, आणि चौथं माझं लुगडं धरून चालत होतं. वाटेत जिथे जिथे नळ दिसला तिथे मी थांबले आणि पदर भिजवला. वच्छीने ते बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवर मी पुन्हा एकदा पूनमचं तोंड पुसलं. गार हाताने गाल दाबून धरले. सिस्टरचा हात लागेल तेवढ्यापुरतं ते गार राहावेत, एवढंच माझं मागणं होतं.

देवरे सिस्टर आम्हाला बघून उठूनच उभ्या राहिल्या. "आणलीस की गं!" त्यांनी बाटली काढली, फोडली, पाणी ओढून घातलं, हलवली. मी ते सगळं बघत होते. माझ्या लेकीचं औषध कालवलं जात होतं. एकेक लेकरू पुढे गेलं, रडलं, परत आलं. मी मुद्दाम शेवटी राहिले. तोवर त्यांना उरकायची घाई असेल, बघणार नाहीत, असा माझा हिशोब.

सिस्टरनी सुई भरली आणि पूनमचा दंड धरला. धरला तो सोडलाच नाही. मग कपाळाला हात लावला, ओल्या केसांतून फिरवला, माझ्याकडे बघितलं.

"हिला कधीपासून ताप आहे?"

"ताप न्हाई. उन्हातून आनली."

"केस कशाला ओले केलेस?"

त्यांनी सुई खाली ठेवली, बॅटरी घेतली, पूनमची हनुवटी दाबून तोंड उघडलं आणि गालाच्या आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हिला नाही देता येणार," त्या म्हणाल्या.

"द्या ना."

"अगं, गोवर आलाय हिला, गालात आतून ठिपके उठलेत. उद्या-परवा अंगावर दिसेल. आता या सुईचा उपयोग नाही."

"द्या सिस्टर. थोडी तरी द्या. तिच्यासाठीच तर ही सगळी आनली. सोमवारी ती चांगली व्हती, तुम्हीच म्हनाल्या की, पोरगी चांगली हाय म्हनून."

त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरले होते, पण त्याचं मला काय करायचं होतं? मी ती भरलेली सुई उचलायला हात पुढे केला. खरंच केला. वच्छीने माझं मनगट धरलं.

"तू हिला आत्ता मोठ्या सरकारी दवाखान्यात ने," सिस्टर म्हणाल्या. "श्वास भराभर चाललाय हिचा. चिठ्ठी देते. उशीर करू नको."

चिठ्ठी घेताना माझी नजर त्या सुईवर गेली. "ह्याचं काय करनार?"

"आणखी कोणी आलं तर देईन. दुपारपर्यंत ठेवता येईल. नाही तर टाकावं लागेल."

"कुठं?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मला कळत होता. माझ्या लेकीच्या वाट्याचं त्या मोरीत ओतणार होत्या.

मोठा दवाखाना पुलाच्या पुढे होता, वाट पुलाखालूनच जात होती. मी पळत सुटले. वच्छी लेकरं घेऊन मागे. पुलाशी आले आणि सातव्या खांबाकडे न जाता रस्ता ओलांडला. तारा चुलीपाशी होती. तिने मला बघून तोंड फिरवलं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि पूनमच्या तोंडावरचा पदर काढला.

"बघ. आन् मग बोल वाळ्याचं."

ताराने बघितलं. पूनमचे डोळे चिकटले होते, बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ताराचा हात आपोआप बेबीकडे गेला, बेबी शेजारीच पानांच्या ढिगात खेळत होती.

"एका लेकराचं औषध उरलंय. दुपारी फेकून देतील. वच्छीला ठाव हाय दवाखाना. जा."

"सोजरबाय..."

"जा म्हनते ना."

मोठं मन वगैरे काही नव्हतं ते. पुढे लोकांनी मला फार चांगुलपणा चिकटवला, म्हणून सांगते. मला बेबीची दया आली नव्हती. माझ्या पूनमचं ते औषध मोरीत गेलेलं मला सहन होणार नव्हतं, एवढंच. ताराने भाजीचं पातेलं तसंच चुलीवर सोडलं आणि बेबीला उचलून वच्छीच्या मागे धावली. मी दवाखान्याची वाट धरली.

तिथे पूनमला नळी लावली. दुसऱ्या दिवशी अंगभर उठलं. छातीत कफ भरलाय, डॉक्टर म्हणाले. आत्याबाई तोवर आल्या होत्या. येताना लिंबाचा डहाळा घेऊन आल्या, तो दाराशी कोणीतरी काढून घेतला. त्या खाटेपाशी खाली बसल्या आणि पूनमचा पाय हातात धरून राहिल्या. बाहेर पोरं फटाके उडवायला लागली होती.

"सोजरे," त्या म्हणाल्या, "वच्छीच्या पोराच्या अंगात बाया व्हत्या ना, तवा तू केरसुण्या इकायला गेलतीस."

"मग?"

"म्या हिला घेऊन गेलते तिथं. त्याच्या उशाशी हिचं डोकं टेकवलं. त्याचा उष्टा दहीभात हिला चारला. देवीचा प्रसाद म्हनून. म्हटलं, माय, हिला वळख, हिला सोड." "तारा इकडं येत न्हाई, म्हनून तिची पोरगी राहिली. हीच माझ्याजवळ व्हती. ही माझी लाडाची, म्हनून नेली गं."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. हात उचललाही असता. पण त्या पूनमचा तळवा आपल्या डोळ्यांना लावून बसल्या होत्या आणि त्यांच्याइतकं तिच्यावर दुसरं कोणी जीव टाकत नव्हतं, हे मला माहीत होतं. मी भिंतीकडे तोंड केलं.

पूनम त्याच रात्री गेली.

मालकांना निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी खांबाशी येऊन बसले. बायका येऊन जात होत्या. कोणी चहा ठेवला, कोणी भाकरी. आत्याबाई पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसल्या होत्या, आमच्यात यायचं धाडस त्यांना होत नव्हतं. माझी छाती दुधाने दगडासारखी झाली होती. चोळी भिजून वाळत होती आणि परत भिजत होती. पिळून टाक, एकीने सांगितलं. मी नाही म्हणाले. तेही मोरीत ओतायचं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी तारा रस्ता ओलांडून आली. भांडणानंतर पहिल्यांदाच ती पुलाच्या या बाजूला आली होती. तिने बेबीला माझ्यासमोर ठेवलं. बेबीच्या दंडाला सुईची लहानशी गाठ होती. ताप नव्हता, नाक वाहत नव्हतं. ती सरकत येऊन माझ्या गुडघ्याला धरून उभी राहायला बघत होती.

"पाज," तारा म्हणाली.

"तुला दूध न्हाई का?"

"हाय. सकाळपासून पाजलं न्हाई तिला. तुझ्यासाठी आनली."

"घेऊन जा. मला बघायची न्हाई ती."

तारा उठली नाही. बेबीने माझ्या पदराला हात घातला आणि मला तिचा इतका राग आला की मी ते आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. ही का? तेच वय, तेच दोन दात, तेच पाय आपटणं. हिच्या दंडात आहे ते माझ्या लेकीचं आहे. मी तिचा हात झटकला. ती दणकून खाली बसली आणि रडायला लागली.

ती रडली आणि माझं दूध आपोआप सुटलं. दोन्हीकडून, थांबवता येईना. मी ताराकडे बघितलं. ती खाली मान घालून बसली होती, लेकरू रडत असूनही तिने हात पुढे केला नाही.

मी बेबीला ओढूनच मांडीवर घेतलं. रागानेच घेतलं. तिने तोंड लावलं आणि गटागटा प्यायला लागली, एक हात वर करून माझ्या तोंडावर फिरवत. पूनमही तसंच करायची, की सगळीच लेकरं करतात, मला आता आठवत नाही. तिचं एका बाजूचं झालं, मी दुसऱ्या बाजूला घेतलं. पिता पिता ती झोपली. छाती हलकी झाली तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं, आणि मी लेकराची झोप मोडू नये म्हणून आवाज न करता रडले.

ताराने संध्याकाळपर्यंत बेबीला परत मागितलं नाही, आणि मीही तिला खाली ठेवलं नाही.